दिवे नंतर लावा, आधी नळ शोधा

प्रति,
मा. सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, अहिल्यानगर

स. न. वि. वि.

वार्षिक योजनेच्या बैठकीत पर्यटनाचा विषय निघाला की कोणती यादी पुढे येणार, याचा अंदाज कुठल्याही नगरकराला बसल्या जागी बांधता येतो. फराहबागेच्या वाटेवर पथदिवे, चांदबिबी महालापाशी वाहनतळ, हश्त बिहिश्त बागेत पेव्हर ब्लॉक, आणि कुठेतरी मोठ्या अक्षरांत शहराचं नाव, म्हणजे फोटो काढायची सोय झाली. यातलं काही वाईट आहे असं नाही. दिवा कुणाला नको असतो? पण ही यादी मंजूर करण्याआधी एक निराळं काम आपण हाती घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. या कामाला कोनशिला बसवता येणार नाही. फीत कापायलाही जागा मिळणार नाही, कारण ते सगळं जमिनीखाली आहे.

निजामशाहीच्या काळातले खापरी, म्हणजे भाजक्या मातीचे, पाण्याचे नळ शोधावेत, मोजावेत आणि सरकारी नकाशावर आणावेत. मागणी एवढीच.

महाल आणि मकबऱ्यांच्या विषयात नळ कुठून आले, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर फराहबागेतच मिळतं. शहराच्या आग्नेयेला असलेली ही इमारत १५८३ साली, मुर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत पूर्ण झाली. अष्टकोनी आखणी, मध्ये घुमटाचं उंच दालन, चारी बाजूंना दोन मजले चढलेल्या कमानी. दालनात उभं राहून वर पाहिलं की घुमटाखालच्या कोपऱ्यांत चुन्याच्या गिलाव्यातली जुनी नक्षी अजून दिसते. बहुतेक लोक हे पाहतात, आवाज घुमतो का ते एकदा ओरडून बघतात आणि परततात. पण जोत्याच्या कडेला येऊन खाली बघा. चहूबाजूंनी पसरलेला तो खोलगट भाग म्हणजे तलाव होता. फराहबाग बागेतला महाल नव्हता, पाण्यातला महाल होता. त्या कमानी एवढ्या उंच का, खालच्या दालनांची तोंडं अशी सताड उघडी का, याचा उलगडा पाणी मनाशी धरल्याशिवाय होत नाही. उन्हाळ्यातलं वारं तलावावरून यायचं आणि थंड होऊन आत शिरायचं. दगडी कमानीच्या खाली पाण्यात तेवढीच दुसरी कमान दिसायची. आज आपण पाहतो ती निम्मी इमारत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडे, हश्त बिहिश्त बाग आहे. फराहबागेच्या कितीतरी आधीची. पहिल्या निजामशाहाच्या, म्हणजे मलिक अहमदच्या काळात ती उभी राहिली आणि नंतर बुऱ्हाणशाहानं तिला हे नाव दिलं. तिथेही तेच: अष्टकोनी तलाव आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल, जवळ हमामखाना. मांजरसुंब्याच्या डोंगरावर गेलात तर तिथेही महालाचे अवशेष, हौद, आणि पाणी वर उचलण्यासाठी बांधलेली इमारत. पर्जन्यछायेतल्या कोरड्या मुलखात राजधानी वसवलेल्या या घराण्याचा सगळा शौक पाण्याचा होता. बुद्धिबळाचा डाव मांडायचा तो पाण्याच्या काठी, पाहुणा उतरवायचा तो कारंज्याजवळ. दागदागिन्यांची मिजास गुजरातनं करावी, मोगलांनी करावी. नगरच्या सुलतानांनी मिजास केली ती पाण्याची. माझ्या मते या शहराची खरी ओळख हीच आहे. ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, हे जे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो ते ऐकायला गोड आहे, पण फराहबागेला ताजच्या शिफारसपत्राची गरज नाही.

तर हे पाणी यायचं कुठून? नगरच्या पूर्व आणि उत्तर बाजूच्या डोंगरउतारांवरून, जमिनीखालच्या नळांनी. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नागाबाई, शहापूर, भिंगार अशा नावांनी हे नळ ओळखले जात. १८८४ साली छापलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांचं वर्णन आहे, आणि ते वाचताना कळतं की हे फक्त महालांचे नळ नव्हते. शहरातल्या हौदांना, मशिदींना, गल्ल्यांना हेच पाणी मिळत होतं. सुलतानी गेली, मोगल आले, मराठे आले, १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीनं किल्ला घेतला, तरी शहर पाणी पीत होतं ते या नळांचंच. आज मुळा धरणातून पंपांनी उचललेलं पाणी आपण पितो. हे नळ चालायला वीज लागत नव्हती. उतार लागत होता, आणि तो उतार काढणारा माणूस.

त्यांची रचना सोपी, पण चूक माफ न करणारी आहे. डोंगराच्या पायथ्याशी जिथे झिरप चांगला तिथे विहिरी किंवा चर खणून पाणी गोळा करायचं. तिथून भाजक्या मातीच्या नळ्यांतून अगदी थोड्या, पण एकसारख्या उतारानं ते शहराकडे आणायचं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास. हे दगड-चुन्याचे उभे मनोरे. नळीत अडकलेली हवा त्यांतून बाहेर पडते, पाण्याचा दाब मोडतो, गाळ खाली बसतो आणि साफसफाईला माणसाला आत उतरायला वाट मिळते. उच्छ्वास बंद झाला की पुढचा नळ फुटतो किंवा तुंबतो. म्हणून मधला एखादा मनोरा पाडणं म्हणजे फक्त एक मनोरा पाडणं नव्हे, त्याच्यापुढची सगळी ओळ मारणं आहे.

नळ कसे मरतात, ते पाहिलेलं सांगतो. एका बांधकामाच्या पायासाठी जेसीबीनं चर घेतला होता. चराच्या भिंतीत जमिनीपासून पुरुषभर खाली एक गोल तोंड दिसत होतं. खापराची नळी, जेमतेम हातभर लांब, एका बाजूला निमुळती. निमुळतं तोंड पुढच्या नळीच्या रुंद तोंडात बसवलेलं आणि सांधा चुन्यानं भरलेला. चोहोबाजूंनी चुना आणि दगडाच्या चुरीचं असं घट्ट आवरण की बकेटच्या दातांनी माती सोलली, पण त्या आवरणाला नुसते ओरखडे पडले. नळीच्या आत बोटभर जाडीचा पांढरा थर जमला होता, पिढ्यान् पिढ्या वाहिलेल्या पाण्यातल्या क्षारांचा. यंत्र चालवणाऱ्या पोरानं विचारलं, "काका, जुनं गटार का हो?" त्याची काहीच चूक नाही. त्याला कुणी सांगितलं होतं? त्या जागेच्या सातबाऱ्यावर नळाचा उल्लेख नाही, मोजणीच्या नकाशात नाही, बांधकामाच्या परवानगीत असण्याचा प्रश्नच नाही. संध्याकाळपर्यंत चर काँक्रीटनं भरला.

इथे कायद्याची एक अडचण आपल्यासमोर ठेवायला हवी. फराहबाग आणि वजीर सलाबतखानाचा मकबरा ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांप्रमाणे अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. चांगला कायदा आहे. पण तो स्मारकाभोवती वर्तुळ आखतो आणि आपल्या महालांचा जीव वर्तुळात मावणारा नाही. तो काही कोस लांब आणि वीतभर रुंद रेषेत आहे. ही रेषा शेतांतून, वसाहतींतून, रस्त्याखालून, गोदामाच्या पायाखालून जाते. इमारतीला हात लावला तर गुन्हा. त्याच इमारतीचा नळ तीनशे मीटरांपलीकडे उखडून टाकला तर कुणीच विचारणार नाही. पुरातत्त्व खात्यानं घुमट सांभाळावा, ते त्यांचं काम. रेषा सांभाळणं त्यांच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे, कारण महसूल, भूमी अभिलेख, नगररचना, ग्रामपंचायती आणि महापालिका या सगळ्यांची माणसं एका टेबलाभोवती बसतात ती जिल्ह्यात आपल्याच बैठकीत.

म्हणून करायचं काय, तर जुन्या नोंदी आणि नकाशे समोर ठेवून एकेका नळाची वाट चालत काढायची. जिथे उच्छ्वास उभे आहेत तिथून सुरुवात करता येईल. कितीतरी ठिकाणी लोक त्यांना पडका बुरूज समजतात, त्यांच्या आडोशाला कडबा रचतात, एखाद्याला शेंदूर फासलेला असतो आणि त्यामुळेच तो वाचलेला असतो. दोन उच्छ्वास सापडले की मधली रेषा धरता येते, आणि शंका असेल तिथे जमिनीखालचं दाखवणारं रडार वापरता येतं. त्यानंतरचं काम कागदाचं, आणि माझ्या लेखी तेच सर्वांत महत्त्वाचं. ज्या ज्या गटातून नळ जातो त्या गटाच्या सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात तशी नोंद व्हावी आणि शहराच्या विकास आराखड्यात ती रेषा उमटावी. सातबाऱ्यावर आलेली गोष्ट आपल्याकडे सहजासहजी मरत नाही, हे आपण सगळे जाणतो. कुणाची जमीन काढून घ्या असं मी म्हणत नाही. नांगर चालवा, पीक घ्या, रस्ता करा. पाया खोल नेताना मात्र खाली काय आहे ते माहीत असू द्या आणि नळ वाचवून आखणी करा. गॅसची वाहिनी जमिनीखालून जाते तेव्हा तिच्यासाठी आपण एवढं करतोच.

यात खर्च किती, हा प्रश्न येणारच. आकडा सांगण्याचा अधिकार मला नाही, तो तांत्रिक विभागानं काढावा. पण माणसं, मोजणीची यंत्रं आणि दोन-तीन उन्हाळे एवढंच हे काम मागतं; दगड, सिमेंट आणि लोखंड काही लागत नाही. नावीन्यपूर्ण योजनांसाठी आपल्याकडे स्वतंत्र तरतूद असते. साडेचारशे वर्षांपूर्वीचे नळ त्या शीर्षाखाली बसवायला थोडं हसू येईल खरं, पण बसतात.

सलाबतखानाबद्दल थोडं लिहायलाच हवं. शहराबाहेर पूर्वेला, पाथर्डी रस्त्यानं गेल्यावर डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते तिला सगळं नगर चांदबिबी महाल म्हणतं. ती ना महाल आहे, ना चांदबिबीची. मुर्तझा निजामशाहाचा वजीर दुसरा सलाबतखान याचा तो मकबरा. त्याच्या कारभाराची इतिहासकार फेरिश्तानं स्तुती केली आहे, आणि फेरिश्ता त्या काळात नगरलाच होता, तेव्हा ऐकीव गोष्ट लिहिणाऱ्यांपैकी तो नव्हे. फराहबाग पुरी झाली ती या सलाबतखानाच्या देखरेखीखाली, आणि शहराच्या नळांशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. १५८९ मध्ये तो वारला. त्याचा मकबरा पाहताना नेहमी वाटतं की हा माणूस हिशेबी असला पाहिजे. नक्षी जवळजवळ नाही. घडीव काळा दगड, एकावर एक कमानींच्या ओळी, आत गोल फिरणारे सज्जे आणि खाली तळघरात कबर. घाट थोर, दागिना एकही नाही. वरच्या मजल्यावर वारं एवढं असतं की बोलायला ओरडावं लागतं. तिथून नगर शहर दिसतं आणि शहराच्या अलीकडचे डोंगरउतारही दिसतात, ज्यांच्यावरचं पाणी खालच्या हौदांपर्यंत गेलं. वजिराला कबरीसाठी हीच जागा का निवडाविशी वाटली असेल, ते वर चढल्यावर विचारावं लागत नाही.

सकाळी फिरायला, संध्याकाळी गार वाऱ्याला, पावसाळ्यात ढग पाहायला नगरकर इथे येतात. पण सलाबतखान कोण हे दहांतल्या दोघांना सांगता आलं तरी पुष्कळ. तळघरातून निघालेला बोगदा थेट भुईकोट किल्ल्यात उघडतो, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. नगरमध्ये बोगद्यांना तोटा नाही. जिथे तळघर तिथे बोगदा, आणि तो नेहमी किल्ल्यापर्यंत. कधीकधी वाटतं की या कथांच्या मुळाशी खरा प्रकार नळांचाच असावा. शेतात खणताना कुणाला जमिनीखाली पोकळ वाट सापडली आणि तिचं गावानं बोगदा करून टाकलं. चांदबिबीनं १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध किल्ला लढवला, तिच्यासाठी या मकबऱ्याचं नाव उसनं घ्यायची गरज नाही. तिचा किल्ला अजून उभा आहे. डोंगरावरच्या फलकावर मात्र वजिराचं नाव, त्याचं काम आणि खालच्या नळांचा एक साधा नकाशा असायला हवा. फलक पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं लागेल. नकाशा आधी आपण तयार करायचा आहे.

बाग रौजाबद्दल फार लिहीत नाही. शहर वसवणाऱ्या मलिक अहमदची कबर तिथे आहे. काळ्या दगडातला घुमट, आत कोरलेली अक्षरं, बाहेर एका हत्तीची म्हणून दाखवतात ती समाधी. दमडी मशिदीचं कोरीवकाम पाहिल्याशिवाय कुणी नगर सोडू नये, पण तो वेगळा विषय. ही ठिकाणं निदान दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी कुणी ना कुणी बोलतं.

शेजारी पाहिलं तर हे अशक्य नाही हे कळतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, तोही जमिनीखालचा जुना पाणीमार्ग, लोक तिकीट काढून खाली उतरून पाहतात. बिदरजवळ नौबादची करेज, म्हणजे तसाच भुयारी पाणीमार्ग, गाळ काढून मोकळी केली गेली. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की पाहायला सहली येतात आणि नहर-ए-अंबरी ही तिथली जुनी नळयोजना शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. ती बांधणारा मलिक अंबर निजामशाहीचाच वजीर. म्हणजे ज्या राज्यानं ही विद्या पिढ्यान् पिढ्या राबवली, त्याच्या राजधानीत तिचा साधा नकाशा नाही. शहराचं नाव कागदावर बदललं. आम्ही आधीही नगर म्हणायचो, आताही नगरच म्हणतो. नाव कोणतंही घ्या, जमिनीखालचे नळ तेच आहेत.

एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. फराहबागेचा तलाव पुन्हा भरा, अशी ही मागणी नाही. भूजल कुठल्या कुठे गेलं आहे, उतारांवर बोअर पडले आहेत, आणि टँकरनं तलाव भरून फोटो काढण्यासारखा दुसरा पोरखेळ नाही. एवढी वर्षं कोरड्या राहिलेल्या जोत्याला एकदम पाणी लावणं धोक्याचंही ठरेल. तो निर्णय जाणकारांनी घ्यावा. मात्र एखादा नळ मुळापासून थोडा जरी शाबूत सापडला, तर त्याच्या पाण्यावर एखादा गावहौद, एखादी बाग चालते का ते जरूर पाहावं. तोवर तलावाच्या खोलगट भागात भराव पडू नये, त्यावर लॉन उगवू नये, मांडव उभा राहू नये, एवढी खबरदारी पुरे.

दिवाबत्तीच्या कामांना माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. फक्त खांबांसाठी खड्डे घेण्याआधी खाली काय आहे ते बघून घ्यावं, नाहीतर महाल उजळवायला गेलेला ठेकेदारच त्याचा नळ फोडून येईल.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. प्रत्यक्ष मोजणीला उन्हाळाच बरा. मार्चपासून मेअखेरपर्यंत रानं मोकळी असतात आणि उच्छ्वास लांबून ओळखू येतात. म्हणजे निधीचा निर्णय त्याआधी, हिवाळ्यातच व्हायला हवा. वाट दाखवायला कापूरवाडी-वडगावची जुनी माणसं आहेत, आणि सोबत चालायला आमच्यासारखे हौशी लोक बिनपगारी तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नगरकर